अर्जात शांघाय लिहू की नको?

पत्र थोडक्यात असं : पत्रलेखिका ३४ वर्षांच्या आहेत. पुण्यात पीएच.डी. करून २०२१ च्या मार्चमध्ये त्या फ्लोरिडातल्या एका सरकारी विद्यापीठाच्या कर्करोग प्रयोगशाळेत पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या मुदतीच्या संशोधक, म्हणून रुजू झाल्या. आता तिथेच संशोधक पदासाठी अर्ज करायचा आहे. परदेशी उमेदवारांच्या फॉर्ममध्ये अठराव्या वर्षापासूनच्या सगळ्या नोकऱ्या, सगळे शोधनिबंध, चालू आणि होऊ घातलेले सगळे प्रकल्प मागितले आहेत. २०१८ मध्ये पीएच.डी. चालू असताना त्या चार महिने शांघायच्या एका प्रयोगशाळेत होत्या. भत्ता तिथल्या संस्थेने दिला, पुढच्या वर्षी एक संयुक्त शोधनिबंधही आला. सीव्हीत त्यांनी हे कधीच लिहिलं नाही. नवरा म्हणतो, ‘चार महिन्यांचं कोण विचारतंय? गाळून टाक.’ पुण्याच्या गाइड मॅडमनी नव्या प्रकल्पाच्या प्रस्तावात त्यांचं नाव सहसंशोधक म्हणून घातलंय आणि फ्लोरिडातल्या रुग्णांच्या जनुकीय माहितीची फाइल ‘तुलनेपुरती’ मागितली आहे. प्रयोगशाळेतल्या एका चिनी सहकारिणीची नेमणूक नव्या कायद्यामुळे अडकली आहे. तिच्यासोबत दिसायला नको म्हणून पत्रलेखिकेने तिच्याबरोबर डबा खाणं सोडलं. त्या विचारतात : ‘आपला देश तर त्या यादीत नाही, मग हे आपल्याला का? शांघाय लिहिलं तर नोकरी जाईल, नाही लिहिलं तर झोप जातेय. काय करू?’

ताई,

तुमच्या पत्रात शांघायचं नाव अकरा वेळा आलंय. तिथे चार महिने कुठलं काम केलंत, काय शिकलात, हे मात्र एकदाही आलेलं नाही. ते वाचून मला वाईट वाटलं. एका तरुण मुलीने शिकायला म्हणून केलेला प्रवास आता तिलाच गुन्ह्यासारखा दिसायला लागलाय. म्हणून आधी सांगते, शांघायला जाण्यात तुमचं काहीही चुकलेलं नाही. तेव्हा तुम्ही पुण्याच्या विद्यार्थिनी होतात, अमेरिकेतल्या कुणाच्या नोकर नव्हता, आणि तुमच्या गाइडच्या संमतीने गेला होतात. आजवरच्या सीव्हीत लिहिलं नाही हेही मी फसवणूक मानत नाही. चार महिन्यांची भेट कितीतरी जण लिहीत नाहीत. पण आत्ता जो कागद समोर आलाय तो सीव्ही नाही. तो कायद्याने मागितलेला जबाब आहे, आणि तुमचा निर्णय या फरकावरच अवलंबून आहे.

‘आपला देश यादीत नाही’ या तुमच्या वाक्यापासून सुरुवात करू. फ्लोरिडाच्या कायद्यात ‘चिंतेचे देश’ म्हणून सात नावं आहेत : चीन, रशिया, इराण, उत्तर कोरिया, क्यूबा, मादुरो राजवटीचा व्हेनेझुएला आणि सीरिया. भारत त्यात नाही, हे खरं. पण २०२१ चं जे हाउस बिल ७०१७ आहे, ज्यातून तुमच्या हातातला फॉर्म आला, ते यादीपाशी थांबत नाही. वर्षाला एक कोटी डॉलर किंवा जास्त संशोधन खर्च असणाऱ्या संस्थेत संशोधन पदासाठी अर्ज करणारा उमेदवार परदेशी नागरिक असेल आणि ग्रीन कार्डवाला नसेल, तर त्याची छाननी करायचीच, मग तो पुण्याचा असो, पॅरिसचा असो. यादी कामाला येते ती मुख्यतः अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी : त्यांचा त्या सात देशांतल्या एखाद्या संस्थेशी संबंध असेल किंवा तिथे किमान एक वर्ष नोकरी वा प्रशिक्षण झालं असेल, तर त्यांनाही याच चाळणीतून जावं लागतं. म्हणजे तुम्ही भारतीय म्हणून सुटत नाही, आणि शांघायमुळे अडकलात असंही नाही. शांघायला गेलाच नसतात तरी हा फॉर्म तुमच्या टेबलावर आला असता. कायदा १ जुलै २०२१ पासून लागू झाला, तुम्ही मार्चमध्ये रुजू झालात, म्हणून तेव्हा असं काही भरल्याचं तुम्हाला आठवत नाही.

आता ‘कोण विचारतंय’ याबद्दल. तुमच्या यजमानांना मी दोष देत नाही. बायकोची नोकरी वाचावी एवढंच त्यांना हवंय. पण फॉर्मसोबत काय काय जोडायचं आहे ते त्यांना एकदा वाचायला द्या. पासपोर्टची संपूर्ण प्रत, म्हणजे पहिलं आणि शेवटचं पान नव्हे, सगळी पानं. तुमचा पासपोर्ट २०१८ च्या आधीचा असेल, तर चीनचा व्हिसा त्याच पुस्तिकेत चिकटवलेला आहे, शेजारी येण्याजाण्याचे शिक्के. दुसरं, अगदी अलीकडे भरलेल्या डीएस-१६० ची, म्हणजे अमेरिकेच्या व्हिसासाठीच्या ऑनलाइन अर्जाची प्रत. हा फॉर्म आठवतोय ना? रात्री जागून भरायचा, वीस मिनिटं हात लावला नाही की लॉगआउट होणारा. त्यात एक प्रश्न असतो : गेल्या पाच वर्षांत कोणकोणत्या देशांत गेला होता? तुमचा तो फॉर्म २०२१ मध्ये भरला गेला, तेव्हा २०१८ पाच वर्षांच्या आतच होतं. तुम्ही स्वतःच पत्रात लिहिलंय की तो फॉर्म यजमानांनी भरला आणि त्यात चीन टाकल्याचं तुम्हाला पुसटसं आठवतं. ती प्रत आजच काढून बघा. राहिला शोधनिबंध. पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय शोधनिबंधांच्या ऑनलाइन सूचीत, तुमचं नाव टाकलं की तुमच्या नावापुढे शांघायच्या संस्थेचा पत्ता दिसत असेल. सार्वजनिक नोंदींमध्ये उमेदवाराचं प्रकाशित काम शोधायचं, गेल्या दहा वर्षांतल्या नोकरीच्या ठिकाणी चौकशी करायची, ही कामं कायद्यानेच विद्यापीठाच्या संबंधित कार्यालयाला लावून दिली आहेत.

म्हणजे शांघाय गाळलं तरी ते तुमच्याच फाइलमध्ये तीन ठिकाणी उभं असणार. मग गाळून काय मिळवलं? उलट गाळण्याचा परिणाम कायद्यात लिहून ठेवलाय. अर्ज करताना शिक्षण, नोकरी किंवा संशोधनासंबंधीची महत्त्वाची गोष्ट उघड केली नाही, तर त्या व्यक्तीला संशोधन पदावर घेता येत नाही. घ्यायचंच असेल तर विभागप्रमुखाने काय लपवलं गेलं आणि आपण ते का सोडून देतोय, हे लेखी द्यायचं, आणि त्याची प्रत एफबीआयच्या जवळच्या कार्यालयात जाते. कुठला विभागप्रमुख नव्या माणसासाठी अशी चिठ्ठी लिहील? शिवाय व्हिसाचा भाग वेगळाच. इमिग्रेशनच्या कागदावर जाणूनबुजून खोटं सांगितल्याचं ठरलं तर पुढचे दरवाजे कायमचे बंद होऊ शकतात. तुम्हाला अजून एच-१बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा, घ्यायचाय. चार महिन्यांसाठी एवढं पणाला लावू नका.

लिहिलं तर नोकरी नक्की मिळेल, असं आश्वासन मी देऊ शकत नाही. छाननीत त्या नोंदीवर प्रश्न येतील, उशीर होईल, कदाचित एखाद्या भित्र्या अधिकाऱ्याच्या हातात पडून नकारही येईल. पण कायदा ‘चीनला जाऊन आलेल्याला घेऊ नका’ असं म्हणत नाही, ‘सांगितलं नाही त्याला घेऊ नका’ असं म्हणतो. या दोन वाक्यांमधल्या फटीतूनच तुम्हाला जायचंय.

कसं लिहायचं तेही सांगते, कारण अर्धवट लिहिणं हा तिसरा मार्ग लोकांना सुचतो आणि तो सगळ्यात वाईट. ‘शांघाय भेट, २०१८’ एवढंच लिहून मोकळं होऊ नका. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, संस्थेचं पूर्ण नाव, तुम्हाला बोलावणाऱ्या प्राध्यापकांचं नाव, कुठल्या तंत्रावर काम केलं, भत्ता किती आणि कुणी दिला, त्यातून कोणता निबंध आला, आणि आज त्या संस्थेशी काही करार, पद, पैसा, सामायिक नमुने काहीही आहे की नाही. शेवटचं वाक्य स्पष्ट हवं : ‘२०१९ नंतर कोणताही संबंध नाही’, अर्थात तसं असेल तर. वीचॅटवर त्या प्राध्यापकांना दर वर्षी शुभेच्छा पाठवत असाल तर तो संबंध धरला जात नाही, पण एखाद्या हस्तलिखितावर अजून एकत्र काम चालू असेल तर तो धरला जातो. ते तुम्हालाच माहीत. शेवटी दोन ओळी अशा : विद्यापीठाकडे असलेल्या माझ्या आधीच्या सीव्हीत ही नोंद नव्हती, कारण ती अल्पकालीन विद्यार्थी भेट होती, आता पूर्ण माहिती देत आहे. एवढं पुरे. माफी मागू नका, गयावया करू नका.

त्याआधी एक काम करा. २०१८ चं निमंत्रणपत्र शोधा. जुन्या ईमेलमध्ये असेल, नाहीतर पुण्याच्या कार्यालयात तरी असेलच. ते बारकाईने वाचा. अमेरिकेत सगळ्यात जास्त धसका आहे तो चीनच्या प्रतिभावंत-भरती योजनांचा, ज्यात पगार, प्रयोगशाळा, पद देऊन त्याबदल्यात संशोधन तिकडे वळवण्याची अट असते. अशा घातक योजनांत असलेल्यांना केंद्राच्या संशोधन निधीपासून दूर ठेवायची तरतूद २०२२ च्या चिप्स अँड सायन्स कायद्यातही आहे. विद्यार्थ्यांची अदलाबदल ही वेगळी गोष्ट. पण तुमच्या पत्रावर कुठल्या योजनेचं नाव आहे ते तुम्हाला आधी माहीत हवं, मुलाखतीत समोरच्याकडून कळायला नको. मग अर्ज पाठवण्यापूर्वी विद्यापीठाच्या रिसर्च इंटिग्रिटी ऑफिसला, म्हणजे ही छाननी करणाऱ्या कार्यालयाला, ईमेल करा : अशी अशी भेट होती, फॉर्मच्या कुठल्या रकान्यात लिहावी? फोनवर विचारू नका. लेखी प्रश्न तुमच्याकडे पुरावा म्हणून राहतो. आणि इमिग्रेशनच्या वकिलाचा एक तास विकत घ्या. पैसे लागतील, घाला.

हे सगळे कायदे आले कुठून, हे समजलं तर तुमची भीती थोडी आवाक्यात येईल. ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, एनआयएचने, देशभरच्या संस्थांना पत्र पाठवून सांगितलं की काही संशोधक परदेशी पैसा आणि पदं लपवतायत. डिसेंबर २०१९ मध्ये तुमच्याच राज्यात, टॅम्पाच्या मॉफिट कॅन्सर सेंटरमध्ये, संस्थेच्या प्रमुखांसह काही जणांना पद सोडावं लागलं. चीनच्या भरती योजनांशी असलेले संबंध त्यांनी उघड केले नव्हते, असं संस्थेने जाहीर केलं. फ्लोरिडाच्या विधिमंडळाने त्यावर चौकशी समिती बसवली, आणि २०२१ चा कायदा त्या वातावरणातून आला. डिसेंबर २०१९ मध्येच मिशिगनच्या व्हॅन अँडेल संशोधन संस्थेने दोन संशोधकांना मिळालेला चिनी निधी एनआयएचला न सांगितल्याच्या प्रकरणात ५५ लाख डॉलर भरून तडजोड केली. म्हणजे कारण नव्हतं असं नाही. लोकांच्या करातून संशोधनाला पैसा जातो, तर संशोधकाला आणखी कुठून पैसा येतो हे त्यांनी विचारणं मला रास्त वाटतं.

पण या मोहिमेत निरपराध माणसंही भरडली गेली, हेही तितकंच खरं. नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने ‘चायना इनिशिएटिव्ह’ नावाची, चीनशी संबंधित हेरगिरी शोधण्याची मोहीम सुरू केली. टेनेसी विद्यापीठातले प्राध्यापक अनमिंग हू यांच्यावर चिनी विद्यापीठाशी संबंध लपवल्याचा खटला भरला. नोकरी गेली, पहिल्या खटल्यात ज्युरींचं एकमत झालं नाही, सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायाधीशांनी त्यांना निर्दोष सोडलं. एमआयटीच्या गँग चेन यांना जानेवारी २०२१ मध्ये अटक झाली, वर्षभराने सरकारने आरोपच मागे घेतले. फेब्रुवारी २०२२ मध्ये ती मोहीम बंद झाली. तुमची झोप उडवणारी भीती या बातम्यांमधून आलीय आणि तिला मी भ्रम म्हणणार नाही. फक्त एक पाहा : या प्रकरणांत भांडण हेरगिरीचं नव्हतंच. ते फॉर्मवर काय लिहिलं आणि काय नाही, यावरून होतं. म्हणून तर मी रकान्यांवर इतकी अडून बसलेय.

आणि ‘हे लोक आपल्याला हेर समजतात’ असं तुम्ही चिडून लिहिलंय, त्यावर थोडं आपल्या घरचं सांगते. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेच्या प्रशासनात मी २७ वर्षं काढली. परदेशी सहकार्याचे प्रस्ताव दिल्लीला पाठवायचे ते काम माझ्याकडे. आरोग्य संशोधनात परदेशी संस्था किंवा परदेशी पैसा आला की आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते, सचिवालय आयसीएमआरकडे, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेकडे. नमुने बाहेर का जाणार, किती जाणार, उरलेल्यांचं काय करणार, निबंधावर कुणाचं नाव, पेटंट कुणाचं. एकदा मुंबईत सहार विमानतळाच्या कार्गोत आमचा थर्मोकोलचा खोका एका सहीसाठी अडकला. आत चाळीस कुप्या रक्तद्रव होतं, कोरड्या बर्फात. मी रात्रभर पुण्यात फोनपाशी बसून होते, आणि तिकडे बर्फ हवेत उडून जात होता. सकाळी सही मिळाली तेव्हा खोका कोमट होता. ज्या बायकांनी दंडात सुई टोचून घेतली होती त्यांना काय सांगायचं, हा प्रश्न मला अजून टोचतो. त्या कारकुनाचा मला संताप आला होता. पण नियम चुकीचा होता, असं मला तेव्हाही वाटलं नाही.

कारण आपल्याकडेही तो संशय अनुभवातून आला. १९५२ मध्ये पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर उभं राहिलं ते रॉकफेलर फाउंडेशन आणि आयसीएमआरच्या भागीदारीत. आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचं ते मूळ, आणि त्या परदेशी पैशातून आपलं भलंच झालं. दुसऱ्या बाजूला सत्तरच्या दशकात डासांवरच्या जनुकीय नियंत्रणाचा एक प्रकल्प दिल्ली-सोनिपत भागात चालला होता. नाव जागतिक आरोग्य संघटनेचं, पैसा अमेरिकेचा. ही माहिती जैविक युद्धाला उपयोगी पडेल अशी शंका वर्तमानपत्रांत आली, १९७५ मध्ये संसदेच्या लोकलेखा समितीने कडक अहवाल दिला, आणि सोनिपतला डास सोडायची वेळ आली असतानाच काम थांबलं. संशय रास्त होता की अतिरेकी, यावर शास्त्रज्ञ पुढे वाद घालत राहिले. ‘परदेशी पैसा कुणाच्या कामाचा?’ हे विचारणारे आपणही होतो. म्हणून फॉर्म भरताना तो अपमान म्हणून भरू नका. उत्तरात चीड उतरली की वाचणाऱ्याला कळते.

आता मॅडमचं. त्यांनी तुमचं नाव न विचारता प्रस्तावात घातलं, हे प्रेमापोटी झालं असणार. आपल्याकडे गाइड आणि विद्यार्थिनीचं नातं असंच असतं, ‘माझी मुलगी तिकडे आहे’ म्हणून नाव टाकलं जातं. पण तुमच्यासाठी तो ‘होऊ घातलेला प्रकल्प’ आहे आणि फॉर्ममध्ये तो रकाना आहे. एक रुपया मिळणार नसला तरी लिहा, भूमिका काय ते लिहा, किंवा नाव काढून घ्यायला सांगा. मॅडमना हे सांगायचा संकोच वाटतो, असं तुम्ही म्हणता. मग असं लिहा : ‘मॅडम, इथल्या नियमांमुळे माझं नाव कुठल्याही प्रस्तावात जाण्याआधी मला विद्यापीठाची परवानगी लागते. तोवर कृपया माझं नाव मागे घ्याल का? परवानगी मिळाली की मी आनंदाने येईन.’ ज्यांनी जन्मभर दिल्लीचे फॉर्म भरलेत त्यांना हे समजायला दोन मिनिटं लागतील.

फाइल मात्र पाठवू नका. ईमेलने नाही, ड्राइव्हवर नाही, सुट्टीत घरी जाताना पेनड्राइव्हमध्ये तर मुळीच नाही. ‘नावं काढलेली आहेत’ हे तुमचं कारण मला माहीत आहे, पण नावं काढली म्हणजे जनुकीय माहिती मोकळी झाली का, हे तुम्ही एकटीने ठरवायचं नसतं. फ्लोरिडात २०२३ च्या सिनेट बिल २६४ ने इलेक्ट्रॉनिक नोंदी ठेवणाऱ्या आरोग्यसेवकांवर बंधन घातलं की रुग्णांची माहिती, क्लाउडवरची आणि कंत्राटदाराकडची धरून, अमेरिकेच्या मुख्य भूमीवर, तिच्या प्रदेशांत किंवा कॅनडातच साठवलेली असली पाहिजे. इथे मात्र सात देशांची यादी लागू नाही. पुण्याचा सर्व्हरही त्यात बसत नाही. तुमची फाइल या कलमाखाली येते का, हे विद्यापीठाचे वकील सांगतील. रस्ता सरळ आहे, पण लांब : तिकडच्या नीतिसमितीची मान्यता, दोन संस्थांमधला माहिती वापराचा करार, आणि पुण्याकडून छाननी समितीचा अर्ज. प्रकल्पात एनआयएचचा पैसा पुण्याकडे वळवायचा बेत असेल तर आणखी थांबा. मे २०२५ मध्ये एनआयएचने परदेशी संस्थांना उपअनुदानं देण्याची जुनी पद्धत थांबवली आहे. त्यात कुठल्याही देशाचा अपवाद नाही.

तुमच्यासारखी पत्रं मला आणखी दोन प्रकारच्या वाचकांकडून येतात, त्यांना इथेच सांगते. टेक्सासमध्ये असाल, तर तिथे २०२५ चं हाउस बिल १२७ विद्यापीठांतल्या परदेशी प्रभावाबद्दल आहे, आणि ‘टेक्सास जीनोमिक अॅक्ट’ जनुकीय माहिती शत्रू मानलेल्या देशांकडे जाऊ नये म्हणून आहे. फ्लोरिडाचं वाचून टेक्सासचा फॉर्म भरू नका. हिंजवडी किंवा नागपुरात बसून अमेरिकी रुग्णालयांचं मेडिकल कोडिंग वा बिलिंग करणाऱ्यांनीही लक्ष द्यावं. टेक्सासच्या सिनेट बिल ११८८ प्रमाणे १ जानेवारी २०२६ पासून रुग्णांच्या इलेक्ट्रॉनिक नोंदी अमेरिकेत किंवा तिच्या प्रदेशांतच साठवायच्या आहेत. तिथे कॅनडाचीही सवलत नाही. दंड ५ हजार डॉलरपासून अडीच लाखांपर्यंत. कायदा साठवणुकीबद्दल बोलतो. कामापुरतं दूरून पाहणं आणि आपल्या यंत्रावर उतरवून घेणं यात फरक आहे. म्हणून स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकणं, ‘नंतर बघू’ म्हणून पीडीएफ डेस्कटॉपवर ठेवणं आजपासून बंद करा, आणि कंपनीकडून लेखी विचारून घ्या की आपल्या क्लायंटसाठी काय चालतं.

राहिली तुमची चिनी सहकारीण. पत्रात तुम्ही तिच्याबद्दल तीनच ओळी लिहिल्यात, त्याही शेवटी, घाईघाईने. मला वाटतं झोप तिच्यामुळेही जातेय. तिची अडचण तुमच्यापेक्षा वेगळ्या कायद्याने झाली आहे : २०२३ च्या सिनेट बिल ८४६ ने सरकारी विद्यापीठांना त्या सात देशांतल्या संस्थांशी आणि तिथून येणाऱ्या लोकांशी करार करायला राज्याच्या वरिष्ठ मंडळाची परवानगी सक्तीची केली. पगारी संशोधन विद्यार्थ्यांच्या नेमणुकाही त्यात अडकल्या. मार्च २०२४ मध्ये चिनी विद्यार्थ्यांनी आणि एका प्राध्यापकाने त्याविरुद्ध केंद्रीय न्यायालयात दावा लावला. तुमची चौकशी तुम्ही काय केलं यावरून होते. तिची मात्र तिचं कायमचं घर कुठल्या देशात आहे यावरून. हे मला पटत नाही, आणि मी ते मोकळेपणाने म्हणते. मॉफिटमध्ये जे घडलं ते लपवण्यामुळे घडलं. पंचवीस वर्षांच्या मुलीच्या पासपोर्टच्या रंगाशी त्याचा काही संबंध नव्हता.

आणि तिच्यासोबत डबा खाऊ नये, असं यातला एकही कायदा सांगत नाही. कुठल्याही फॉर्ममध्ये तो रकाना नाही. विद्यापीठातल्याच, रीतसर नेमलेल्या सहकारिणीशी बोलणं हा उघड करायचा ‘परदेशी संबंध’ होत नाही. तुम्ही तिला टाळलंत ते कायद्याच्या धाकाने नाही, कुणीतरी बघेल या धाकाने. मी समजू शकते. शांघायमध्ये पहिल्या आठवड्यात तुम्हाला जेवायला कुठे जायचं ते कळत नव्हतं आणि प्रयोगशाळेतल्या एका मुलीने रोज हाताला धरून कॅन्टीनला नेलं, हे तुम्हीच लिहिलंय, त्या अकरा शांघायांपैकी एकात.

अर्जाची मुदत पंधरा दिवसांवर आहे म्हणता. या शनिवारी डीएस-१६० आणि निमंत्रणपत्र शोधा, रविवारी मॅडमना लिहा, सोमवारी सकाळी त्या कार्यालयाला ईमेल टाका. दुपारी तिच्या टेबलाशी जा. तिच्या परवानगीचं कुठवर आलं ते विचारा, आणि त्या दिवशी डब्यात दोन थालीपीठं जास्तीची घ्या.